मेंदोसाला निघालेला भोपळा

"किटलीतलं पाणी उकळू द्यायचं नाही हं, पोरी. ती गुणगुणायला लागली की लगेच उतरवायची. आणि एक लक्षात ठेव, याला ओला कोंडायचा नाही. काम झालं की रिकामा कर, धू, उघड्यावर ठेव. ओला कोंडलास तर आतून बुरसतो."

मला नव्या सुनेच्या हातात देताना सासूबाई, दोन्या एर्सिलिया, असं म्हणाल्या होत्या. सून म्हणजे सुलेमा, आणि 'दोन्या' म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मानाने लावतात तो शब्द. दोन्या एर्सिलिया जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तो आवाज माझ्या पोकळीत अजून घुमतो. मी पोकळच आहे ना, आत पडलेलं काही लवकर बाहेर जात नाही.

मित्रांनो, मी एक जुना माते आहे. दचकू नका. तुमच्या भाषेत हा शब्द म्हणजे आईला मारलेली हाक, आणि तशी कुणी मला हाक मारली तर मला आवडेलच. पण आमच्या आर्जेंटिनात माते म्हणजे एका झाडाच्या पानांचा कडू, गरम काढा. आणि तो ज्या भोपळ्यातून पितात, त्यालाही मातेच म्हणतात. तुमच्याकडे माझ्या भावकीतल्या कुणाची वीणा होते, कुणाचा कमंडलू होतो. माझ्या वाट्याला हे आलं. मी कधी कुरकुर केली नाही.

उत्तरेकडच्या उष्ण मातीत, कोर्रिएन्तेसला, एका वेलावर मी वाढलो. पिकल्यावर मला तोडून वाळवलं. आतल्या बिया खुळखुळायला लागल्या तेव्हा एका कारागिराने माझं तोंड कापलं, आतला सगळा गर काढला आणि ओठांवर पितळेची कड बसवली. मग मी रोसारिओ शहरात आलो, नदीजवळच्या एका लहानशा घरात.

तिथे सुलेमाने मला आधी 'बरं' केलं. आमच्याकडे नवा माते वापरायला घेण्याआधी त्याच्यात ओली पानं ठासून भरतात, तो तसाच मुरू देतात, मग चमच्याने हलक्या हाताने खरवडतात. या कामाला 'बरा करणं' असंच म्हणतात. आजाऱ्याला वापरतात तोच शब्द. मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, मला झालंय काय, की ही बाई मला बरं करतेय? त्या शब्दाची गरज मला पुढे पडणार होती.

सुलेमा नेमाची बाई. सकाळी उठून ती माता मारियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, हात जोडायची, मग किटली ठेवायची, मग मला फडताळावरून उतरवायची. या क्रमात कधी बदल झाला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाही, मुलगी झाली तेव्हा नाही, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाही नाही. तिच्या नेमात देवाखालोखाल माझा नंबर होता, याचा मला अभिमान वाटायचा.

तिचा नवरा आन्सेल्मो शहरातली बस चालवायचा. कामावर जाण्याआधी दोघं स्वयंपाकघरात बसायची. सुलेमा माझ्यात पानं भरायची, चांदीची नळी खोचायची, पाणी ओतायची. माझ्यातून सगळे एकाच नळीने, आळीपाळीने पितात. पहिली खेप कोमट आणि फार कडू उतरते, म्हणून ती ओतणाऱ्यानेच प्यायची. तिला 'मूर्खाचा माते' म्हणतात. आन्सेल्मो मात्र ती रोज तिच्या हातून हिसकावून घ्यायचा.

"दे इकडे. मूर्खाचा माते मूर्खाला मिळू दे."

"मग मी कोण?"

"मूर्खाची बायको. ते त्याहून वाईट."

आणि आमच्याकडे एक रीत आहे, मित्रांनो. माते परत देताना 'ग्रासियास' म्हणायचं नाही. एरवी या शब्दाचा अर्थ आहे 'आभारी आहे'. पण मातेपुढे त्याचा अर्थ होतो, 'पुरे, आता मला नको.' एकदा तो शब्द तोंडातून गेला की तुमची पाळी संपली. आन्सेल्मोने सुलेमाच्या हातून मला घेऊन तो कधीच उच्चारला नाही. पाणी संपायचं, पानांची चव जायची, बसची वेळ व्हायची; हा नुसता मला तिच्या हातात ठेवायचा आणि टोपी चढवून निघून जायचा.

पानगळ जवळ आली की त्या दोघांना एक वेड लागायचं. तुमच्याकडे वैशाखाचं ऊन तापतं, तेव्हा आमच्याकडे पानं पिवळी होतात. त्या दिवसांत दोघं मेंदोसाच्या सहलीचा बेत करायची. मेंदोसा म्हणजे डोंगरांच्या पायथ्याचं शहर. रस्तोरस्ती मोठाली झाडं, झाडांच्या मुळांशी पाण्याचे पाट, आणि शहराबाहेर सरळसोट पॉप्लर वृक्षांच्या रांगा, पानगळीत सोन्यासारख्या. आन्सेल्मो टेबलावरच्या मेणकापडावर खारी बिस्किटं मांडायचा.

"ही शहरातली बाग. हा डोंगर. आणि इथून आपण वर चढायचं, म्हातारे."

दोघं तरुणपणापासून एकमेकांना 'म्हातारे' आणि 'म्हाताऱ्या' म्हणायची.

"कुठला डोंगर?"

"हा काय... अगं, खाल्लास की काय?"

"भूक लागली होती."

पण दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी छप्पर गळायचं. कधी मुलीचं लग्न. कधी सासूबाईंचं दुखणं. बेत पुढे ढकलला जायचा आणि दोघं खरोखरच म्हातारी होत गेली. मेणकापडावरची बिस्किटं दर वर्षी एकमेकांच्या जवळ सरकत होती, हे फक्त मी पाहत होतो. डोंगर चढणं सुटलं. मग लांबच्या चकरा सुटल्या.

"एका दिवशी एकच गोष्ट पाहायची," आन्सेल्मो म्हणायचा. "जन्मभर लोकांना घाईने चढवलं आणि घाईने उतरवलं. आता बाकावर बसायचं. उभं राहायचं काम डोंगराने करावं."

"आणि दुपारी?"

"झोपायचं."

"एवढ्या लांब जाऊन झोपायचं?"

"घरी तू झोपू देतेस कुठे?"

मग एका वर्षी आन्सेल्मो आजारी पडला. त्या दुपारी तो अंगणात लिंबाच्या झाडाखाली खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर शाल. सुलेमाने मला त्याच्या हातात दिलं. त्याची बोटं गार होती.

"या खेपेला माझं जमत नाही असं दिसतंय, म्हातारे. तू जा."

"गप बस."

"पॉप्लर पिवळे झाले की जा. सावकाश जा. याला बरोबर ने. वचन दे."

"दिलं. आता पी."

तो प्यायला. माझ्या तळाशी नळी खरखरेपर्यंत प्यायला. मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "ग्रासियास."

सुलेमाने किटली उचलली. तिने ऐकलंच नाही असं दाखवलं, पुन्हा पाणी ओतलं, मला काठोकाठ भरलं आणि त्याच्यापुढे धरलं. पण त्याने डोळे मिटले होते. दिवेलागणीच्या सुमारास तो गेला.

ती शेवटची खेप कुणी प्यायली नाही. सुलेमाने मला तसंच, भरलेलं, नळीसकट उचललं, कपाटात चांगल्या ताटल्यांच्या मागे ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, अंधाराला मी घाबरत नाही. भोपळ्याच्या पोटात अंधारच असतो. पण मला रोज सकाळी मेणबत्तीसाठी काडी ओढल्याचा आवाज यायचा, त्यानंतर किटली ठेवल्याचा. मी वाट पाहायचो, आता दार उघडेल. किटली गुणगुणायची आणि तिला कुणी उतरवायचं नाही. ती खळखळ उकळायची. मग कपात चहाची पुडी पडायची. आमच्याकडे चहा पितात तो पोट बिघडल्यावर. सुलेमा रोज चहा पीत होती. एक माणूस, एक कप, एक खुर्ची सरकल्याचा आवाज. माझ्यातलं पाणी आटलं, पानं कुजली. माझ्या आतल्या भिंतींवर पांढरी लव उगवली. दोन्या एर्सिलियांचा आवाज तेवढा आत घुमत राही: ओला कोंडलास तर आतून बुरसतो. माझी नळी काळी पडली. एक पानगळ गेली, दुसरी गेली. मला वाटलं, माझी जागा आता हीच.

तिसऱ्या पानगळीच्या तोंडावर दारावर थाप पडली. शेजारची देल्मिरा आली होती आणि तिच्याबरोबर रोखेलिओ. मोहल्ल्यातल्या निवृत्त मंडळींचं एक केंद्र आहे, त्याचा तो अध्यक्ष. कपाटातून मला सगळं ऐकू येत होतं.

"सुलेमाबाई, यंदा केंद्राची सहल मेंदोसाला," रोखेलिओ म्हणाला. "कंपनीने झकास आखून दिलीय. पहाटे निघायचं. पोहोचल्या पोहोचल्या धरण, मग दोन द्राक्षमळे, मग टेकडीवरचं स्मारक..."

"आणि दुसऱ्या दिवशी आमची अंत्ययात्रा," देल्मिरा म्हणाली. "तीही त्याच बसमधून. माझे गुडघे बघ आणि याची टेकडी बघ. सुलेमा, तुला तुमची सहल तोंडपाठ आहे. तू आखून दे आणि चल आमच्याबरोबर."

टेबलावर कप ठेवल्याचा आवाज आला. मग सुलेमा म्हणाली, "ग्रासियास."

"म्हणजे येतेस की नाही येत?"

"चहा घ्या."

"चहा!" देल्मिराचा आवाज चढला. "आम्ही काय आजारी आहोत? या घरात पाहुण्याला चहाची पुडी? आन्सेल्मो असता तर लाजेने मेला असता."

"तो मेलाच आहे, देल्मिरा."

"माहीत आहे मला. मातीला मीही आले होते. माते कुठे आहे तुझा?"

देल्मिराने कपाटाचं दार उघडलं. ताटल्या सरकल्या. इतक्या दिवसांनी माझ्यावर उजेड पडला, आणि मित्रांनो, मला लाज वाटली. रोखेलिओने नाक दाबलं. "अरे देवा! फेका तो. मी नवा आणून देतो."

सुलेमाने झडप घालून मला छातीशी धरलं. "हात लावू नका. तो भरलेला आहे."

आणि मग, उभ्या उभ्याच, तिने सगळं सांगितलं. लिंबाचं झाड, वचन, ती शेवटची खेप. "जन्मात कधी म्हणाला नाही तो शब्द. त्या दिवशी म्हणाला. माझ्या हातचं त्याला पुरे झालं, देल्मिरा. ज्याला पुरे झालं, त्याच्याशिवाय मी कुठल्या तोंडाने मेंदोसाला जाऊ?"

देल्मिरा तोंडाळ बाई. सबंध गल्लीला टोमणे मारत आलेली. पण त्या वेळी ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात बोलली.

"अगं वेडे. इतकी वर्षं तुझ्या हातचं प्यायला. रीत म्हणून एकदाही आभार मानता आले नाहीत बिचाऱ्याला. जाताना तरी मानायचे की नाहीत? तो 'पुरे' म्हणाला नाही गं. तो नुसतं 'आभारी आहे' म्हणाला. साधं. दुकानात म्हणतात तसं."

सुलेमाने मला छातीपासून दूर धरलं आणि आत पाहिलं. तिची बोटं माझ्या पितळी कडेवरून फिरत राहिली. खूप वेळाने ती अंगणात गेली आणि तिने मला लिंबाच्या मुळाशी पालथं केलं. कुजलेली पानं भसकन मातीत पडली. त्या क्षणी माझ्या आत पहिल्यांदा वारा शिरला.

तिने मला गरम पाण्याने धुतलं, चमच्याने खरवडलं, पुन्हा धुतलं. दिवसचे दिवस भिंतीवर उन्हात ठेवलं. मग नवी ओली पानं भरली, मुरू दिली, पुन्हा खरवडलं. तिने मला दुसऱ्यांदा बरं केलं. या वेळी मला हसू आलं नाही. आणि मला वाटतं, त्या दिवसांत बरा होणारा मी एकटाच नव्हतो.

त्यानंतर टेबलावर पुन्हा मेणकापड आलं, वर खारी बिस्किटं. सुलेमा मांडत होती, रोखेलिओ पाहत होता.

"पहिल्या दिवशी फक्त बाग. झाडाखालच्या बाकांवर बसायचं. जवळच खानावळ आहे, स्वच्छतागृह आहे. दुपारी झोप. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर पॉप्लरची रांग, तीही सपाटीवरून. बस."

"मग पाहायचं काय, सुलेमाबाई?"

"पानं पडतात ती पाहायची."

"आणि तुझं स्मारक मी खाल्लं, रोखेलिओ," देल्मिरा म्हणाली. तिच्या हनुवटीवर बिस्किटाचा चुरा होता.

सुलेमाला हसू आलं. पण ती मंडळी गेल्यावर तिने एकच बिस्किट उचललं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. ते रात्रभर तसंच होतं. दुःख असं एका दिवसात धुऊन निघत नाही, मित्रांनो. मलाही आत एक डाग राहिला आहे. तो आता जायचा नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणी एकटं असेल, रोज एकच कप विसळत असेल, तर त्याचं दार वाजवा. ते 'आभारी आहे' म्हणून तुम्हाला वाटेला लावेल. तरी थोडं थांबा, थोडं भांडा. आणि तुमच्या स्वतःच्या आत काही ओलं साचलं असेल, तर ते कोंडून ठेवू नका. उन्हात ठेवा.

आज सकाळी सुलेमाने मेणबत्ती लावली, हात जोडले. किटली गुणगुणायला लागली तशी लगेच उतरवली आणि पाणी थर्मासमध्ये भरलं. मला आन्सेल्मोच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलं, पिशवीत तोंड वर करून ठेवलं. कोपऱ्यावर बस उभी आहे. देल्मिराच्या ओरडण्यावरून ते कळतंच आहे. सुलेमाच्या शेजारची जागा रिकामी राहणार आहे. ती तिने मागून घेतली आहे. पॉप्लरखाली पहिली खेप, ती कडू, कोमट खेप, ती मातीत ओतणार आहे.

तिने घराचं दार ओढून घेतलं, कडी नीट बसली का ते पाहिलं. मग पिशवी पोटाशी धरून, सावकाश, ती पायऱ्या उतरू लागली.