चौथ्या मजल्यावरची परीक्षा

पाना परीक्षेत पहिली आली. पेपर तिने चार मिनिटांत सोडवला. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चाला. कार्यालयानेही तसंच धरलंय, आणि कार्यालयापेक्षा आपण कोण मोठे लागून गेलो?

तर, पाना परीक्षेला निघाली.

पाना हे घरातलं नाव. शाळा संपल्यावर वर्गातल्या मुली कॉलेजच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि ही मामाच्या मागोमाग लिफ्टच्या खड्ड्यात उतरली. तेव्हापासून तिच्या खिशात कायम एक पाना. तीन वर्षांत मामाने तिला सगळं शिकवलं, फक्त प्रमाणपत्राचा कागद देता आला नाही, कारण त्याच्याकडे एकच होता आणि तो त्याच्या नावाचा होता. मग मामाचे गुडघे गेले. ज्याने जन्मभर लोकांना जिना चढू दिला नाही, त्याला स्वतःला दोन पायऱ्या चढवेनात. त्याच्याकडच्या सात इमारतींनी कळवलं की महिनाअखेरपर्यंत भाचीने प्रमाणपत्र आणलं तर लिफ्ट तिच्या, नाहीतर कंपनीच्या.

कॉलेजात न जाता काम शिकलेल्यांसाठी वर्षातून एकदा सरकारी परीक्षा व्हायची. यंदा लिफ्टच्या कामाला परीक्षार्थी एकच होती. अकरा वाजता, चौथा मजला.

पाना साडेदहालाच पोचली. लिफ्ट बंद. दार लागत होतं, पण पुढे ढिम्म. शिपाई म्हणाला, सकाळपासून रुसलीय, जिन्याने जा. आता रडणाऱ्या पोरासमोरून आई जिन्याने जाईल का? पानाने त्याला मेन स्विच बंद करायला लावला आणि दाराचा स्विच उघडला. दार नीट लागलंय हे लिफ्टला सांगणाऱ्या त्या स्विचमध्ये कुणीतरी कागदाची चार पदरी घडी खुपसली होती. तिने ती काढली, स्विच पुसला, झाकण लावलं आणि मेन स्विच चालू करायला सांगितला. लिफ्ट सुरू.

पाना आत चढली, तेवढ्यात मागून एक जाडजूड साहेब शिरले. जिना चुकला म्हणून भलतेच खूश. पहिल्या मजल्यावर त्यांनी विचारलं, कुणी केली दुरुस्त? पाना म्हणाली, "मीच. कुणीतरी गाढवाने स्विचमध्ये कागद कोंबला होता, सर."

दुसऱ्या मजल्यावर साहेब हसले. तिसऱ्यावर त्यांचं हसू अडकलं. चौथ्यावर दार उघडताना ते म्हणाले, "ते गाढव मी. मी परीक्षक आहे."

तीच परीक्षा होती.

खोलीत लेखनिकबाई सीलबंद पाकीट घेऊन बसल्या होत्या. आत परीक्षकांच्या अक्षरात बिघाडाचं वर्णन होतं. पानाने न उघडता शब्दन् शब्द सांगितलं. तिथेच ती आणखी फसली.

"पण सर, झाली ना दुरुस्त? तुम्ही बसून आलात."

"बसून आलो. तुला करताना पाहिलं का? नाही. चालती लिफ्ट हा काही पुरावा नव्हे, बाळ. लिफ्ट चालायलाच असते."

पाना म्हणाली, मग कागद परत घाला, मी परत काढते. परीक्षक क्षणभर विरघळले. पण बाईंनी नियम काढला. परीक्षार्थीला उत्तर आधीच ठाऊक असेल, तर पेपर फुटला असं धरतात.

"फोडला कुणी?"

"तूच की, बये."

पाना म्हणाली, मग दुसरा बिघाड द्या. तर बिघाड मंजूर करणारी समिती वर्षातून एकदाच बसते, आणि यंदाची बसून उठलीही होती. बाहेर अख्खं कार्यालय लिफ्टने चहाला खाली जात होतं आणि वर येत होतं. चौघांनी जाता जाता पानाचे आभारही मानले.

घरी आई म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मामाने फक्त बिघाड काय होता ते विचारलं.

"स्विचमध्ये कागद."

"मग बरोबर केलंस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. तिचं काही चुकलं असतं, तर तासभर बोलला असता.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा पाना पुन्हा कार्यालयात गेली. लेखनिकबाई मनाने वाईट नव्हत्या. उपयोग शून्य, असं आधीच सांगून त्यांनी कोरा कागद दिला, वर स्वतःचं पेनही दिलं. खिडकीच्या कट्ट्यावर कागद टेकवून पानाने लिहिलं:

"विषय: लिफ्ट पूर्ववत बंद पाडणेबाबत. महोदय, आपल्या कार्यालयाची लिफ्ट माझ्याकडून अनवधानाने सुरू झाली असून, ती आपल्या स्तरावरून पुनश्च बंद पाडण्यात यावी. तसेच ती कशामुळे बंद होती हे मला ज्ञात असल्याने, सदर ज्ञान महिनाअखेरपूर्वी माझ्या डोक्यातून काढून घेण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती."