'नावाडीण' हा खेळ आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या कडांचा काळा रंग उडाला आहे आणि पंखा सुरू होताना दम लागल्यासारखा आवाज करतो. पण एके काळी एक फार मोठा खेळ रोज माझ्यावर तपासला जात असे. तो खेळ कसा बुडाला, हे मी अगदी जवळून पाहिले आहे.

मी पहिल्यांदा सुरू झालो तो एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. तिथे नऊ माणसे काम करत. त्यांच्यातल्या चित्रकाराला सगळे दादा म्हणत. त्याची आजी नदीवर नाव चालवायची. तिच्यावरूनच त्याला 'नावाडीण' हा खेळ सुचला होता. खेळणाऱ्याने नाव वल्हवायची आणि एकेका माणसाला पैलतीरी पोहोचवायचे. वाटेत तो माणूस आपली गोष्ट सांगायचा. बस, एवढेच. त्यात शत्रू नव्हता की हारजीत नव्हती. पाण्याचा आवाज मिळवण्यासाठी दादाने घरच्या बादलीत लाकडी पळी फिरवली होती, बायको ओरडेपर्यंत.

माझ्यासमोर बसायची ती आत्या. ती कुणाची आत्या नव्हती. वयाने तर सगळ्यांत लहान. पण खेळातल्या चुका शोधणे हे तिचे काम होते आणि ती प्रत्येकाच्या कामात खोट काढायची, म्हणून हे नाव पडले. एकाच खडकावर ती दोनशे वेळा नाव आपटायची. सापडलेल्या दोषाला क्रमांक द्यायची आणि नोंद करायची.

एक दिवस एका मोठ्या कंपनीचे साहेब खेळ पाहायला आले. दहा मिनिटांसाठी बसले आणि तासभर उठलेच नाहीत. दोनदा फोन वाजला, तोही त्यांनी घेतला नाही.

"हा खेळ आपण मोठा करू," ते म्हणाले. "खूप मोठा!"

मी मनातून फुलून गेलो. आम्ही चार मजल्यांच्या काचेच्या इमारतीत गेलो. नवाची तीनशे माणसे झाली. मला टाकून देणार होते, पण आत्याने हट्ट धरला. "लोकांच्या घरी असलेच जुने संगणक असतात. याच्यावर चालला तर खेळ खरा," ती म्हणाली. म्हणून मी राहिलो.

साहेब वाईट नव्हते. पण एवढा खर्च केल्यावर थोड्या लोकांना आवडून भागणार नव्हते. खेळ सगळ्यांना आवडायला हवा होता. त्यांनाही वरून कुणीतरी रोज विचारत होते. बाहेर लढाईचा एक खेळ गाजला, तेव्हा साहेबांनी नदीचा समुद्र करायला लावला आणि नावेची युद्धनौका. पुढच्या वर्षी शंभर जणांनी एकत्र खेळायचा खेळ गाजला, तेव्हा आमचाही तसाच झाला आणि इंटरनेटशिवाय उघडेनासा झाला. आमचे काम होईपर्यंत बाहेरची हौस फिटलेली असायची. मग केलेले मोडायचे आणि पुन्हा सुरू करायचे. अशी सहा वर्षे गेली.

एकदा दादा म्हणाला, "साहेब, एवढ्या जहाजांत माझी नावाडीण दिसतच नाही."

"मग काढून टाकू या तिला," साहेब सहज म्हणाले. ते पुढच्या चित्राकडे वळलेसुद्धा.

दादा आत्याच्या शेजारी येऊन बसला आणि बराच वेळ माझ्या पडद्याकडे पाहत राहिला. महिन्याभरात त्याला कामावरून कमी करण्यात आले.

मग खेळाची तारीख जाहीर झाली. बसगाड्यांवर, भिंतींवर जाहिराती लागल्या. त्यांतली चित्रे इतकी देखणी होती की मीच थक्क झालो. तसे काही आमच्या खेळात नव्हतेच. आत्या दोषांची यादी घेऊन साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, जहाजं पाणी सोडून हवेत तरंगतायत. शंभर माणसं एकदम आली की खेळ बंद पडतो. सहा महिने द्या."

"तारीख हलणार नाही. आधी बाजारात येऊ दे, मग दुरुस्त करू."

"म्हणजे लोकांनी विकत घेऊन आपल्या चुका शोधायच्या?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला कळत नाही असं वाटतं का तुला? माझ्या हातात नाही गं आता."

ठरलेल्या दिवशी खेळ बाजारात आला. पहिले दोन दिवस लोकांना आत शिरताच येईना. जे शिरले, त्यांना आभाळात लटकलेली जहाजे दिसली. त्या जहाजांची चित्रफीत जगभर फिरली आणि लोक पोट धरधरून हसले. अनेकांनी खेळ परत केला. आमची माणसे जीव तोडून दुरुस्त्या करत होती. तीन महिन्यांनी जहाजे पाण्यावर नीट तरंगू लागली, पण ती पाहायला कुणी उरले नव्हते.

त्याच सुमारास आत्याने खेळाच्या शेवटी येणारी नावांची यादी तपासली. साहेबांचे नाव होते, वकिलांची नावे होती. दादाचे नव्हते. आधी गेलेल्यांची नावे घालायची नाहीत, असा नियम होता. तिने नोंद केली, 'दोष क्रमांक अकरा हजार चारशे सहा. ज्याला हा खेळ सुचला, त्याचे नाव यादीत नाही.' त्याच दुपारी उत्तर आले, 'हा दोष नाही. दुरुस्तीची गरज नाही.' आत्याचा हात माऊसवरून हळूच खाली घसरला.

पाचव्या महिन्यात कंपनीने खेळ बंद करायचे ठरवले. दुपारी चार वाजता तो कायमचा बंद होणार होता. तीन मजले रिकामे झाले होते. आत्या एकटी माझ्यासमोर बसली. साऱ्या समुद्रात एकोणीस खेळाडू उरले होते. कुणी लढत नव्हते. सगळ्यांनी जहाजे एकमेकांजवळ आणून उभी केली होती.

तेवढ्यात दादाचा फोन आला. "आत्या, चालू आहे का गं अजून?"

"दहा मिनिटं आहेत, दादा."

एका अनोळखी खेळाडूने पडद्यावर काही लिहिले. आत्याने ते फोनवर वाचून दाखवले. "माझे बाबा मागच्या महिन्यात गेले. आजारपणात त्यांना अंथरुणातून उठता येत नव्हतं. आम्ही दोघं रोज संध्याकाळी इथे फिरायचो. लढाई एकदाही केली नाही. ज्यांनी हे पाणी बनवलं, त्यांचे आभार मानायचे राहिले होते."

"नुसते फिरले?" दादाने विचारले.

"हो. नुसते फिरले."

"मग काहीतरी जमलं होतं गं आपल्याला," तो म्हणाला.

चार वाजले. समुद्र जागच्या जागी थिजला, मग पडदा काळा झाला. 'संपर्क तुटला आहे,' एवढीच अक्षरे उरली. तो खेळ आता जगात कुठेही, कुणालाही उघडता येत नाही.

पुढे माझ्यातला खेळ पुसून टाकला आणि मला विकले. आता मी दातांच्या दवाखान्यात रोग्यांच्या वेळा लिहून ठेवतो. तुटलेला दात परत येत नाही, हे इथे रोज ऐकतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन काही घडवाल, तेव्हा 'हे अजून तयार नाही' असे सांगणारे माणूस तुमच्याजवळ असू द्या आणि त्याचे ऐका. एखादा फसलेला खेळ हाती आला तर खुशाल हसा; आमच्या खेळातही हसण्यासारखे पुष्कळ होते. मात्र शेवटी नावे सरकू लागली की बटण दाबून ती पुढे ढकलू नका. ती सावकाश वाचा. आणि यादी संपल्यावरही थोडे थांबा, कारण तिथे सगळ्यांची नावे लिहिलेली नसतात.