रिठदच्या केबलची लाट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रिसोडच्या एका तंत्रनिकेतनाच्या अडगळीत, गुंडाळलेल्या तक्त्यांखाली पडून असतो. नवा होतो तेव्हा लोक माझ्यावरून कौतुकानं हात फिरवत. आता उंदीर फिरतात.

माझे सुखाचे दिवस योगिनी मॅडमबरोबर गेले. त्या वीज विभागात शिकवत. रिठदजवळच्या एका वस्तीत, विहिरीच्या मोटरीला वीज नेणारी जमिनीखालची केबल सारखी फुटे आणि नळ कोरडे पडत. मॅडम त्या केबलची लांबी, जाडी, वेष्टण मला सांगत आणि मी आकड्यांतून तिची जुळी बहीण उभी करी. बटण दाबताच विजेची लाट तिच्यातून कशी धावते, टोकाला आपटून कशी परतते, ते पडद्यावर काढून दाखवी. माझा वेग बेताचाच. मुलं मला 'बैलबंडी' म्हणत. मॅडम मात्र कधी वैतागल्या नाहीत.

एकदा त्या वस्तीची मोटर चालवणारे भिवाजी आणि त्यांची बायको चंपाबाई आले.

"मोटर नाही उचलली का मी झटझट चालू-बंद करतो," भिवाजी म्हणाले. "धक्का देल्याबिगर जीप तरी चालू होते काय?"

तिथेच घोडं पेंड खात होतं! केबलमध्ये आधीची वीज उरलेली असतानाच नवी लाट येई आणि वेष्टणाला तो मारा सोसवत नसे. मी ते काढून दाखवलं. लाट थेट पडद्याच्या वरच्या कडेला भिडली.

"अवं माय! हे तं तुमीच फोडून राह्यले," चंपाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "आता बटन बंद केलं का जरासक थांबत जा. मले पानी पायजे."

मॅडम हसल्या. ते चित्र त्यांनी माझ्या पडद्यावर कायमचं लावून टाकलं, खाली 'रिठद' असं लिहून.

मग त्यांची बदली झाली आणि नवे संगणक आले. केबल टिकली का, चंपाबाईंना पाणी मिळालं का, मला कोणीच सांगितलं नाही. मॅडमची फार आठवण येते, मित्रांनो.

परवा, मला भंगारात काढायचं ठरल्यावर, रामकिसन शिपायानं मला सहज जोडून पाहिलं. पडद्यावर तीच लाट उजळली, खाली 'रिठद'.

"अरे, हे तं आमच्या रिठदची केबल!" तो म्हणाला. "तवापासून फुटलीच नाही ना थे."

मला किती आनंद झाला! मॅडमना हे कळलंय का, एवढंच मला विचारायचं होतं. तेवढ्यात त्यानं पिन उपटली.

मित्रांनो, कोणतंही यंत्र बंद करताना जरा थांबत जा. मॅडम थांबायच्या, माझा पडदा पुरता काळा होईपर्यंत, माझ्यावर हात ठेवून.