कुंकवाखालचा नंबर

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. पण एकोणऐंशी वर्षं मी देव म्हणून कामाला होतो. माझी मूळ नेमणूक टपालाची. लष्करी टपालाचं कार्ड. देवपणावर माझी बढती कशी झाली आणि १९९५ साली वाशीत ती कशी गेली, ते सांगतो.

माझा छापखाना मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा बसऱ्याच्या तळावर एका खोक्यात हजारभर भावंडांबरोबर पडून होतो. साल १९१६. इंग्रजांचं तुर्कांशी युद्ध चाललं होतं आणि ते लढायला साताऱ्याकडची पोरं बोटीत घालून आणली होती. का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही भिडेपोटी विचारलं नव्हतं. त्यांच्यातला एक देवजी. त्याला लिहिता येत नसे, म्हणून पलटणीतल्या कारकुनाने त्याच्यासाठी जांभळी पेन्सिल थुंकीने ओली केली आणि माझ्यावर लिहिलं : ‘मी खुशाल आहे. इकडे खजूर फार, बाजरी नाही. सगुणेने जड उचलू नये.’ मागच्या बाजूला धाडणाऱ्याचा नंबर, नाव, पलटण. मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या साहेबाने तो मजकूर बारकाईने तपासला आणि नंबराच्या अर्ध्यावर येईल असा गोल शिक्का हाणला. या मजकुरामुळे साम्राज्याला धोका नव्हता, असं त्याचं मत पडलं.

मग बोट, आगगाडी आणि शेवटी हरकाऱ्याची थैली. मी गावात पोचलो तेव्हा देवजीची मुलगी मुक्ता सहा दिवसांची होती. शाळेच्या मास्तरांनी मला एकदा मोठ्याने वाचलं. ‘जड उचलू नये’ला बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुन्हा वाचून दाखवा, असं मास्तरांना म्हणायला सगुणाबाईला लाज वाटली. तिने मला देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पुजतात. सगुणाबाईकडे विळा होता, कुऱ्हाड होती आणि मी होतो. लष्करातून आलेला, म्हणजे हत्यारच. आता कागदाला कुंकू लावायचं तर कुठे? गोल शिक्का दिसला. देवाच्या कपाळासारखी तयार जागा. तिने चिमूटभर कोरडं कुंकू तिथे दाबलं, शेजारी हळद दाबली. नंबर गेला खाली.

युद्ध संपलं. गावातले बाकीचे परत आले. देवजी आला नाही आणि त्याच्याबद्दल एक ओळही आली नाही. सरकार गप्प म्हटल्यावर निकाल गावाने दिला : त्याने तिकडेच खजुराच्या बागेवाली बाई केली. मुक्ताला पोरं ‘बसरेवाली’ म्हणत. लग्नात रुसवेफुगवे झाले तर सासरचे म्हणत, “बापावर गेलीय.” सगुणाबाई रोज स्वतःच्या कपाळावर कुंकू रेखायची आणि दर नवमीला माझ्या. बावन्न वर्षं. ती सवाष्ण म्हणूनच गेली. गावाने हिरवं लुगडं नेसवून नेली. पितृपक्षात मात्र देवजीच्या नावाने पान कधी मांडलं नाही. पान मेलेल्यांचं असतं आणि तो मेला, असं सांगणारं कुणी नव्हतं. त्यामुळे देवजी जित्यांतही जेवत नव्हता आणि मेलेल्यांतही.

तिच्यामागे मी मुक्ताकडे आलो आणि नवमीचं कुंकू ती लावू लागली. पुढे मुक्ताबाईचा मुलगा शहाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी झाला, त्याला खोली मिळाली आणि मी म्हातारीबरोबर नवी मुंबईकर झालो. देव्हारा फ्रिजवर. माझ्या एका बाजूला खंडोबा, दुसऱ्या बाजूला शहाजीचा पोती ओढायचा आकडा. फ्रिजच्या मोटारीमुळे अंगाला कायम ऊब. तक्रार नव्हती. पण मित्रांनो, देव होण्यात एक अडचण असते : सगळे तुमच्यासमोर डोळे मिटून उभे राहतात. तुमच्यावर काय लिहिलंय, ते बघतं कोण?

१९९५च्या उन्हाळ्यात मुक्ताबाई आजारी पडली. दवाखान्यातून आली ती अर्धी होऊन. शहाजीची मुलगी तेजश्री नेरूळच्या कॉलेजात शिकत होती. म्हातारी तिला म्हणाली, “तेजे, एवढं लिवतीस, वाचतीस. माजा बा मेला का बानं आमाला टाकलं, एवढं बघ की कुटं. कळलं म्हंजी मी जायाला मोकळी.”

तेजश्रीने पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं. महिन्याने उत्तर आलं. अदबशीर, टाइप केलेलं. त्या नावाचे त्या काळात एकतीस शिपाई होते. कुठल्या कुठल्या गावचे, पण दिलेल्या गावचा एकही नाही. कृपया नंबर कळवावा.

पोरीने मला फ्रिजवरून उतरवलं, खिडकीपाशी नेलं, उलटसुलट केलं. माझ्या कपाळावर एव्हाना पैशाएवढी जाड खपली धरली होती.

“आजी, नंबर आहे. पण कुंकवाखाली आहे.”

“मग?”

“मग काय, पुसावं लागेल.”

खोलीत कुकरची शिट्टी झाली.

“माज्या आयचं कुंकू पुसतीस व्हय गं, भवाने?”

शहाजी जेवता जेवता थांबला. “आये, कागदावरचं हाय ते.”

“तुला काय ठावं? तिच्या कपाळाचं आन ह्ये एकाच करंड्यातलं हाय.”

शहाजीने पन्नास किलोची पोती पाठीवर घेतली होती. हे त्याला उचलेना. त्याने पुन्हा भाकरी मोडली. मी पुन्हा फ्रिजवर गेलो.

तीन आठवडे माझा विषय निघाला नाही. तेजश्री मात्र गप्प नव्हती. कॉलेजातल्या रसायनाच्या बाईंना तिने विचारून ठेवलं. पाणी लावायचं नाही, नाहीतर जांभळी पेन्सिल फुटून सगळं वांगं होईल. कोरड्या पावाचा मऊ गाभा घ्यायचा आणि हलक्या हाताने टिपायचं. हे तिने आजीला ऐकू जाईल अशा बेताने, पण आईला सांगितलं. नव्या पिढीची हीच हुशारी.

एका दुपारी शहाजी मार्केटातून आला तर म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, “खालच्या वडापाववाल्याकडनं एक पाव आन. वडा नगं.”

“आये, नक्की?”

“पुसल्याबिगर कळत न्हाई. आन कळलं की पुसायाच लागनार हाय. मग कशाला थांबायचं? पर पुसीन मी. तुमी कुनी हात लावायचा न्हाई.”

मांडीवर पांढरं फडकं. फडक्यावर मी. एकोणऐंशी वर्षांच्या बोटांत पावाचा गोळा. ती एकेक थर टिपत गेली. वरचे थर तिच्या स्वतःच्या हातचे, ते तिने भराभर काढले. मग खाली गडद, जुनं, आईचं कुंकू लागलं आणि तिचा हात थांबला. ती रडली नाही. दोन्ही हात जोडले, मला नव्हे, आणि पुन्हा टिपायला लागली. पाव लाल होत गेला.

आणि मग आकडे दिसू लागले. आधी एक, मग सात, मग दोन शेजारी शेजारी. मी इतकी वर्षं देव होतो, पण माझ्या हातून चमत्कार म्हणून काही झालं नव्हतं. हा पहिलाच. तेजश्री आकडे मोठ्याने वाचत होती आणि म्हातारी तिच्यामागे, मंत्र म्हणावा तशी, म्हणत होती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला बापाचा नंबर पाठ झाला.

तेजश्रीने तो रेकॉर्ड ऑफिसला कळवला आणि सप्टेंबरात तपकिरी पाकीट आलं. आत तीन झेरॉक्स. माझेच भाऊबंद, मित्रांनो! कुठल्या कुठल्या कपाटांत, एकमेकांना न भेटता पडून राहिलेले. तेजश्री इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागली.

पहिला, भरतीचा. नाव देवजी, वय बावीस. उंची पाच फूट तीन इंच. उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. जवळचा नातेवाईक म्हणून मामाचं नाव आणि मामाचं गाव. गडी जत्रेला म्हणून मामाकडे गेला आणि घरी न सांगता तिथूनच भरती झाला. समासात शेरा : नातेवाइकास कळवले, घेणारा हयात नाही, पत्र परत. म्हणजे सरकार गप्प नव्हतं. ते दुसऱ्याच गावात, मेलेल्या मामाला हाका मारत होतं.

दुसरा, डॉक्टरचं पत्र : अंग सुजले आहे, घरी पाठवावे.

तिसरी, जहाजाची यादी. एकेचाळिसावं नाव देवजीचं. पुढे बारीक अक्षरांत : ९ ऑगस्ट १९१६ रोजी मृत्यू, देह समुद्रास दिला. जहाज ११ तारखेला किनाऱ्याला लागलं.

“कुटं चाललं हुतं जहाज?”

“मुंबईला, आजी.”

“म्हंजी घराकडं?”

“घरीच येत होते ते.”

“परत वाच.”

तीन वेळा वाचून घेतलं. मी त्याच समुद्रावरून त्याच्या दोन महिने आधी आलो होतो. एक साधा कागद, सुखरूप पोचलो. ज्याने पाठवला तो माणूस किनाऱ्याला दोन दिवसांनी चुकला. एवढ्या मोठ्या जगात, एवढ्या मोठ्या युद्धात, कुणीतरी बसून त्याच्या अंगठ्याच्या नखाची नोंद केली होती आणि ती इतकी वर्षं टिकली होती!   बापाचा एक फोटो म्हातारीकडे नव्हता. संध्याकाळभर ती त्या नखापाशीच होती.

“नख कशानं गेलं आसंल गं? ठेच लागली आसंल. का बैलानं पाय दिला?”

आता मी देव नाही. प्लॅस्टिकच्या फोल्डरात, तीन भावंडांच्या जोडीला असतो. येणारा-जाणारा मला हातात घेतो आणि वाचतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला ओल लागू देऊ नका, वाळवीला देऊ नका. नमस्कारही करा, माझी हरकत नाही. पण डोळे उघडे ठेवून करा आणि ज्यांना त्यातलं काही आठवतं त्यांना आजच विचारा. सुट्टीत विचारू म्हणाल, तर ती माणसं तुमच्या सुट्टीपर्यंत थांबतीलच असं नाही.

इथेच थांबायला हवं. पण सर्वपित्री अमावास्येचं सांगायचं राहिलं.

त्या दिवशी शहाजीच्या गॅलरीत देवजीच्या नावाने पहिलं पान मांडलं. खीर, वडे, भाजी, वरण-भात. शहाजीने पाणी सोडलं. मुक्ताबाई वाढत होती आणि थांबत नव्हती. बाजरीच्या भाकरीवर भाकरी रचली.

“आये, एका माणसाचं पान हाय,” शहाजी म्हणाला. “पाच भाकऱ्या कशाला?”

म्हातारीने त्याच्याकडे बघितलंही नाही. बापासाठी आयुष्यभर साठवलेला राग, मान, भीड, सगळं तिच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं.

“बावीस वर्षांचं प्वार हाय त्ये,” ती म्हणाली. “तुज्या पोरीपरीस जरा थोरलं. ह्या वयात लई भूक लागती.”

आणि पानावर तूप ओतत, माझ्यावर ज्याचा नंबर आहे त्या शिपायाला ती म्हणाली, “जेव, बाळा. सावकाश जेव.”