टर्बोला हवी केसभर जागा

मित्रांनो, मी एक जुना टर्बो आहे. पूर्ण नाव टर्बोचार्जर, पण बाजारात एवढं लांब नाव घ्यायला सवड कुणाला? अंगाने मी नारळाएवढा, आकाराने शंखासारखा. वाजतो मात्र शंखासारखा नाही. लांबून कुणी बारीक शीळ घालावी तसा वाजतो, आणि तेही इंजिनाने मला फिरवलं तरच. एकट्याने मला गाता येत नाही.

माझं काम सांगतो. इंजिन जो धूर बाहेर टाकतं, तो माझ्या एका चाकावर येऊन आदळतो. चाक फिरू लागतं. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला माझं दुसरं चाक आहे. ते बाहेरचा वारा ओढतं आणि इंजिनाच्या छातीत कोंबतं. वारा वाढला की जोर वाढतो. म्हणजे दुसऱ्यांनी टाकून दिलेल्यावरच माझा चरितार्थ. मिनिटाला लाखभर गिरक्या घेतो मी. पण माझी दोन चाकं एकाच दांडीवर जन्म काढूनही एकमेकांना कधी बघत नाहीत. जात्यावरच्या चालीत सांगायचं तर,

एका दांडीला दोन चाकं, दोन तऱ्हेचे शेजारी
एका अंगाला निखारा, वारं गार दुसऱ्या दारी

माझी पहिली गाडी म्हणजे एक डिझेल जीप. मुरबाडच्या रस्त्याला ती माणसं न्यायची, भाजीच्या पाट्या न्यायची, लग्नसराईत वऱ्हाडं न्यायची. चढ आला की आतली मंडळी म्हणत, "काय गाडी आहे राव!" माझं नाव कुणी घेतलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नसे. आपल्यामुळे कुणी वर चढतंय एवढं पुरे होतं. पुढे जीप थकली. तिला कापलं. दारं एकीकडे गेली, चाकं एकीकडे, आणि मी आलो उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, मुकेशच्या जुन्या पार्टच्या दुकानात.

तिथे फळीवर आम्ही सात-आठ टर्बो होतो. शेजारी शेजारी, पण फिरत कुणीच नाही. माझ्या वाऱ्याच्या तोंडात एका कोळ्याने जाळं विणलं. ऊन आलं की ते जाळं चमकायचं. माझ्यात राहायला आलेला तेवढा एकच जीव. दोन वर्षं मी वाऱ्याची वाट पाहिली. वारा यायचा, जाळं हलवून जायचा.

मग एक दिवस बबनकाका आले. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात चष्मा आणि मोजपट्टी. अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर उभे राहिलेले टर्नर. पंपांचे बुश करायचे. बुश म्हणजे फिरत्या दांडीला धरणारी धातूची नळी. त्यांनी मला उचललं, बोटाने कोळ्याचं जाळं हळूच बाजूला केलं, आणि दांडी हलवून पाहिली.

"मुकेशभाई, ही तर हलते."

"अरे साईं, जुना माल आहे, थोडा तर हलणार! कुठल्या गाडीला पाहिजे?"

"आपलीच. छोटी पेट्रोल गाडी आहे, बारा वर्षांची."

"पेट्रोलला टर्बो? ह्या उमरमध्ये रेस लावताय काय, बबनभाऊ?"

"रेस कसली! नाशिकहून बायकोला आणायचीय. गाडी कसारा घाट चढत नाही."

मुकेश पोट धरून हसला. "लोक बायकोला खूश करायला सोनं घेतात, आणि तुम्ही हे घेताय! घेऊन जा. भाभी आली की मला फोटो पाठवा."

बबनकाका हसले नाहीत. मला वर्तमानपत्रात गुंडाळून बदलापूरला घेऊन आले. हेंद्रेपाड्यात त्यांची बिल्डिंग.

चार मजल्यांची बिल्डिंग, दिवे लागले घरोघरी
चपलांचा एकच जोड एका उंबऱ्यावरी

त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसून जेवले. घरात ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला सांगू लागले. गेल्या मे महिन्यात काका आणि भागीरथीकाकू मुलीकडे निघाले होते, नाशिकला, किर्तीकडे. घाटात गाडी दमली, चढेना. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते. काकांनी एसी बंद केला, ट्रकचा धूर नको म्हणून खिडक्या लावून घ्यायला लावल्या, सामान जास्त घेतलंस म्हणून काकूंना बोलले, बसलीस तशी बसून राहा म्हणाले. काकू उतरल्या आणि भर उन्हात पुढच्या वळणापर्यंत चालत गेल्या. नाशिकला पोचल्यावर म्हणाल्या, "ह्या गाडीत बसून मी आता घाट उतरायची नाही." तेव्हापासून त्या तिकडेच आहेत. वर्ष होत आलं.

"गाडीत जोर कमी पडला," काका मला म्हणाले. "दुसरं काय!"

मला काय बोलता येणार?

मग काम सुरू झालं. पार्किंगमध्ये, खांब क्रमांक सहाजवळ. काकांनी धुराचा पाइप कापून मला जागा केली, माझ्यासाठी तेलाची नळी ओढली, परत जाणारी नळी ओढली. आमचा टर्बो तेलावर जगतो, मित्रांनो. तेल आत आलं नाही तर पाण्याविना माशासारखी गत होते. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते नव्याने ठरवायला लॅपटॉप घेऊन रिद्धी यायची. ती तिसऱ्या मजल्यावरची, एका कंपनीत इंजिनिअर. बिल्डिंगमध्ये काकांशी भांडू शकणारी ती एकटीच.

"काका, वाऱ्याचा दाब अगदी कमी ठेवते हं. तुमची गाडी म्हातारी आहे."

"गाडी म्हातारी, मी नाही."

"ते काकू ठरवतील!"

पण एका गोष्टीवर त्यांचं खरंच वाजलं. माझी दांडी बोटाने हलते, हे काकांना सहन होईना. ज्या माणसाने एकतीस वर्षं पंपाचे बुश असे ठोकून बसवले की जागचे हलू नयेत, त्याला सैल म्हणजे खराब. त्यांनी जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन माझ्यासाठी गनमेटल धातूचा नवा बुश केला. काय सुंदर काम होतं! आरसा झक मारेल अशी चकाकी. दांडी आत सरकवली, आणि ती तसूभर हलेना.

रिद्धीने बोटाने दाबून पाहिलं. तिचा चेहरा पडला.

"काका, हे फार घट्ट झालंय. ह्याला थोडी जागा लागते. त्या जागेत तेल भरतं, आणि दांडी तेलावर तरंगते. धातूला धातू लागतच नाही."

"मला शिकवतेस? माझ्या हातचा एक बुश परत आला नाही कारखान्यात."

"पंपाचा असेल. पंप एवढा फिरत नाही, एवढा तापत नाही. ह्याचं वेगळं असतं हो."

"घट्ट बसलेलं कधी वाया जात नाही, पोरी."

मी ओरडून सांगणार होतो. पण मला आवाज असतो तो फक्त फिरताना.

शनिवारी सकाळी काकांनी नाशिकला फोन केला. "जयभीम. उद्या येतोय. तयार राहा."

"बघू," पलीकडून काकू म्हणाल्या. त्या एका शब्दावर काका दिवसभर शीळ घालत होते.

दुपारी त्यांनी चाचणीसाठी गाडी बारवी धरणाच्या रस्त्याला काढली. सपाटीवर मी फिरलो. दोन वर्षांनी वारा माझ्यातून धावला! काकांनी माझी शीळ ऐकली आणि लहान मुलासारखे हसले. मग चढ लागला. त्यांनी पाय दाबला. धूर तापला, मी तापलो, तापून बुश आणि दांडी दोघंही फुगली. आत तेलाला शिरायला जागाच उरली नाही. धातूने धातू धरला. एक कर्कश किंकाळी फुटली, ती माझी होती, आणि माझी दोन्ही चाकं एका क्षणात थांबली.

गाडी निळा धूर सोडत, धापा टाकत कशीबशी हेंद्रेपाड्याला परत आली. काकांनी गाडी जागेवर लावली. मग त्यांनी फोन लावला.

"उद्या जमत नाही."

"का? काय झालं?"

"टर्बो जाम झाला. मी फार घट्ट बसवला होता. रिद्धी सांगत होती, मी ऐकलं नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकूंनी गॅस बारीक केला असावा. मग त्या शांतपणे म्हणाल्या,

"लोणच्याच्या बरणीचं झाकण तुम्ही असंच आवळायचात. माझ्या ह्या वाकड्या बोटांनी उघडायचं नाही. तुम्ही कामाला गेलात की मी दुपारी नुसता वरणभात खायचे."

"सांडू नये म्हणून आवळायचो मी."

"नाही सांडलं हो कधी. पण मला खाताही आलं नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"एकतीस वर्षं सांगितलं. मशीनच्या आवाजात गेलं असेल."

फोन ठेवल्यावर काका बॉनेट उघडून माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी अजून गरम होतो, त्यांना हात लावता येत नव्हता. मित्रांनो, मी पुष्कळ एकटेपण पाहिलंय. फळीवरचं पाहिलंय, कोळ्याच्या जाळ्यातलं पाहिलंय. पण भरल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, आपल्याच हातच्या सुंदर कामासमोर मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाचं एकटेपण मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काका तिसऱ्या मजल्यावर गेले. मला पिशवीत घालून.

"रिद्धी, किती जागा ठेवू?"

"तुम्ही मला विचारताय, काका?"

"विचारतोय ना. सांग."

तिने सांगितलं, काकांनी तळहातावर पेनाने लिहून घेतलं. एक केस उभा चिरावा आणि त्यातला अर्धा घ्यावा, जवळपास एवढीच जागा. आठ दिवस त्यांनी माझी ओरबाडलेली दांडी घासून गुळगुळीत केली. मग नवा बुश केला. मोजला, परत मोजला. दांडी बसवली. बोटाने हलवली. ती हलली. काकांचा चेहरा कसनुसा झाला, हात आपसूक पान्याकडे गेला. पण त्यांनी तो मागे घेतला आणि खिशात घालून ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. ह्या वेळी त्यांनी नाशिकला फोन केला नाही. शेजारची सीट रिकामी होती. घाट लागला. मी फिरू लागलो, तेल आलं, दांडी तेलावर उचलली गेली. मला कशाचाच स्पर्श नव्हता, आणि तरी मला सगळ्या बाजूंनी कुणीतरी धरलं होतं. असं सुख मी जीपमध्येही भोगलं नव्हतं. मागचे ट्रक मागेच राहिले. ज्या वळणापर्यंत काकू उन्हात चालत गेल्या होत्या, तिथे शीळ घालत आलेल्या काकांनी ती थांबवली. ते वळण आम्ही सावकाश पार केलं.

किर्तीच्या घरासमोर गाडी थांबली. काकांनी इंजिन बंद केलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने आवाज ऐकून भागीरथीकाकू फाटकाशी आल्या. पदराला हात पुसत.

"आलात होय? मग गाडी बंद का करत नाही? पेट्रोल जळतंय नुसतं."

"तापलाय तो टर्बो. लगेच किल्ली फिरवली की तेल थांबतं, आतल्या आत जळून जातं. दोनेक मिनिटं नुसतं चालू ठेवून बसावं लागतं."

"तुम्हाला बसवतं असं नुसतं?"

"शिकतोय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. घरात येता का, असं म्हणाल्या नाहीत. बॅग आणायलाही गेल्या नाहीत. पलीकडून वळसा घालून आल्या, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसल्या. एक पाय बाहेर रस्त्यावर ठेवून, दार उघडंच ठेवून. काकांचा हात दाराकडे गेला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमच्या घरी असतील, नसतील. पण दिवसभर फिरून तापलेलं कुणीतरी घरात असतंच. त्याला धरा, पण आवळू नका. आणि तो थांबला म्हणून लगेच किल्ली फिरवू नका. थोडा वेळ नुसतं शेजारी बसा.

"झाली का हो दोन मिनिटं?" काकूंनी विचारलं.

"अजून नाही," काका म्हणाले.

मी केव्हाच निवलो होतो. काकांना ते माहीत होतं. आणि मला वाटतं, काकूंनाही.