झोपेतली हाक

"माझी आजी चोर नव्हती," असं म्हणून उना क्रिप्सनं मर्लच्या पुढ्यातला अर्धा भरलेला चहाचा कप उचलला आणि सिंकमध्ये ओतून टाकला. "आमचं घराणं मोकळ्या माणसांचं, कैद्यांचं नव्हे. स्वतःच्या खिशातून तिकीट काढून टास्मानियात आलेलं. लिहायचं तर तसं लिही."

"चोर नव्हत्याच त्या, मिसेस क्रिप्स. त्यांनी गवताची गंजी पेटवली होती."

"वा! म्हणजे चोरीच्याही वरची पायरी!"

गप्प बसण्यात मर्लचा हात कोण धरणार? उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. साऱ्या खोऱ्यातली लग्नं, भांडणं, लफडी तिच्या कानांवरून गेली, पण ओठांवर एक आली नाही. नवरा गेल्यावर रिकामं घर खायला उठलं, तशी ती मेलेल्या माणसांची चरित्रं लिहू लागली. ह्युऑन नदीकाठी पहिली सफरचंदाची बाग लावणारा गोरा वसाहतदार, गुत्त्यात उधारीपोटी कविता ठेवून जाणारा कवी, आणि इंग्रजांनी जहाजं भरभरून आणलेले कैदी. लिहिता लिहिता ती माणसं तिच्या घरात वावरू लागत. दुपारी डोळा लागला की स्वयंपाकघरातून ओल्या लोकरीचा वास येई, कुणीतरी हलकेच खुर्ची सरकवी. मर्लला त्याची भीती वाटत नसे. उलट सोबत वाटे. उनाची आजी होनोरा कीफ मात्र यायची ती पाठ करूनच बसायची. तोंड दाखवायची नाही.

पुस्तक छापायला जायचं होतं. इतिहास मंडळाचा रोलंड तर चिडलाच होता. "सरकारी दप्तरात आहे ना? मग म्हातारीची परवानगी कशाला हवी तुला?" पण होनोराची नात अजून जिवंत होती आणि मर्लच्याच गल्लीत राहत होती. तिच्या दारावरून मान खाली घालून जायचं मर्लच्या जिवावर आलं होतं.

सिंकपाशी पाठमोरी उभी असलेली उना म्हणाली, "का पेटवली?"

"आयर्लंडात तेव्हा दुष्काळ होता. शेतातले बटाटे शेतातच कुजले. कैद्यांच्या जहाजावर निदान पोटाला मिळेल म्हणून मुली मुद्दाम आग लावायच्या आणि पोलिसाची वाट बघत तिथंच उभ्या राहायच्या. तुमची आजी अशीच उभी राहिली. धाकटी बहीणही होती हात धरून. दोघींना बरोबर यायचं होतं."

"मग?"

"न्यायाधीशाला धाकटीची दया आली. लहान आहे म्हणून सोडून दिलं तिला."

"दया!" उना वळली. "त्याच उपाशी गावात एकटीला सोडलं, आणि दया म्हणे! नाव काय होतं पोरीचं?"

"कॅथरिन."

उना खुर्चीत बसली.

"कॅटी," ती म्हणाली. "अगं, मी आजीच्याच बिछान्यात झोपायचे. रोज रात्री ती झोपेत हाक मारायची, 'कॅटी, ये गं, चल लवकर.' आम्हा पोरांना वाटायचं, कॅटी नावाचं मांजर शोधतेय. तिच्या एका वाढदिवसाला माझ्या भावानं कुठूनसं मांजराचं पिल्लू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, 'घे आजी, तुझी कॅटी सापडली.' इतकी रडली, इतकी रडली! आई म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना आनंदानंही रडू येतं." तिनं मर्लकडे पाहिलं. "पुढं काय झालं त्या पोरीचं?"

"सापडत नाही. तिचं नाव पुन्हा कुठंच येत नाही."

उना उठली आणि तिनं खुंटीवरची हॅट काढली. "चल."

चर्चच्या मागच्या उतारावर होनोराची कबर होती. म्हणजे नुसतं गवत. दगड बसवला तर त्यावर मूळ गाव कोरावं लागेल, आणि मग ही इथं कशी आली म्हणून लोक विचारतील, या धास्तीनं घरच्यांनी दगडच बसवला नव्हता. जागा फक्त उनाला ठाऊक होती. ती हळूहळू खाली बसली. नदीवरून धुकं वर येत होतं. त्यात बागा विरघळल्या, चर्चचा कळस विरघळला. उरलं ते एवढंसं हिरवं गवत, जसं काही आत्ताच किनाऱ्याला लागलेलं जहाज.

"लिही सगळं," उना म्हणाली. "गंजी लिही, पिल्लू लिही. पण 'कैदी' हा शब्द पहिल्या ओळीत नको, पोरी. पहिल्या ओळीत थोरली बहीण लिही."

"बरं."

"आणि वाचून दाखव मला. माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही आता."

बोलता बोलताच ती गवतावर कलंडली, हाताची उशी केली आणि पाय पोटाशी घेतले. बिछान्यात शेजारी कुणी असावं तशी थोडी जागा सोडून. बघता बघता तिचा श्वास संथ झाला.

मर्लनं तिला उठवलं नाही. आपला कोट काढून तिच्या अंगावर पांघरला, आणि गारठ्यात हात चोळत ती तिला जाग येण्याची वाट बघत बसली.