डोंग्यातलं ते मेलं का?

आष्टीच्या घाटाजवळ वैनगंगेच्या वाळूत देवाजी ढिवराचा डोंगा पालथा पडून होता, कारण पंचांनी त्याला वाळीत टाकलं होतं. देवाजीला नव्हतं टाकलं. देवाजीने लग्नाला यावं, मयतीला यावं, पंगतीत बसावं. डोंग्याने मात्र पाण्यात उतरू नये.

झालं होतं ते असं. कार्तिकात सागाच्या तोडीवरचा एक मजूर घाटावर येऊन पडला. अंगभर देवी फुटलेल्या. कोणी जवळ जाईना. देवाजीला लहानपणी टोचलेलं होतं, म्हणून त्याने त्या माणसाला डोंग्यात आडवा घातला आणि पलीकडे नेऊन चांद्याच्या गाडीला लावून दिला. तो माणूस जगला. पुढे त्याने सिरोंच्याला पानाचं दुकान काढल्याचं कळलं. गावातही कोणाला काही झालं नाही. तरी पंच बसले, आणि पंच बसले म्हणजे निकाल झाल्याशिवाय उठत नाहीत.

सरपंच बापूजींनी निकाल सांगितला. "डोंग्यात जे काई आलं हाय, ते जोवर मरत नाई, तोवर त्याच्यात कोनी बसाचं नाई."

"अन ते मेलं हे कोन सांगन?" देवाजीने विचारलं.

"ते तू पाह्य," बापूजी म्हणाले, आणि पंच उठले.

डोंगा देवाजीच्या आजाने एका अखंड खोडातून कोरलेला होता. तसं झाड आता जंगलखातं कोणाला तोडू देत नव्हतं. अशा डोंग्याला पाणी लागतं. वाळूत, उन्हात पडला की तो सुकतो आणि तडकतो. माघात नाकाजवळ पहिली चीर दिसली. देवाजीची बायको गोकुळा रोज सकाळी त्याच्यावर आतून-बाहेरून घागरी ओतू लागली.

"लेकरांले बी मी एवढी आंघोळ नाई घातली," ती म्हणायची.

"उन्हाळा निंगाला पायजे."

"नाई निंगाला तं चुलीले होईन. आजाचं लाकूड हाय, चांगलं जळन."

महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात जंगलखात्याचा शिपाई घाटावर बातमी घेऊन आला. आलापल्लीच्या विश्रामगृहात नागपूर-मुंबईकडचे पाच मोठे शास्त्रज्ञ जमले होते. देवीसारखे रोग ज्यांच्यामुळे होतात, ते डोळ्यांना न दिसणारे विषाणू हा त्यांच्या सभेचा विषय. ते जिवंत म्हणायचे की नाही, यावर रोज सकाळपासून वाद चालतो, असं शिपायाने सांगितलं. तो हे हसत सांगत होता. देवाजी हसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी बांधून तो आलापल्लीच्या वाटेला लागला.

विश्रामगृहाच्या ओसरीत शाळेतून आणलेला फळा उभा केला होता. फळ्यापुढे मुंबईचे प्राध्यापक केणी उभे होते. ते मूळचे भौतिकशास्त्रातले. पेशीची बाहेरची कड आणि तिला येऊन चिकटणारा विषाणू, यांच्यामध्ये काय घडतं हा त्यांचा अभ्यास. व्याख्यान इंग्रजीत होतं. देवाजी पायरीखाली बसला आणि संपायची वाट पाहू लागला.

चहाच्या वेळी नागपूरचे डॉक्टर देशकर विडी ओढायला खाली आले. ते मूळचे ब्रह्मपुरीचे, त्यामुळे माणूस पाहून बोली बदलायचे.

"काय भाऊ, मासे आणले काय?"

"नाई जी. एक गोठ विचाराची होती. देवीचं ते काय असते ते, डोंग्यात पडून असन, तं ते जितं असते का मेलं?"

देशकरांनी विडी खाली घेतली. "भाऊ, आमी तीन दिवसांपासून तेच बोलून राह्यलो."

"मंग काय ठरलं?"

"ठराचं हाय."

देवाजीने डोंग्याची सगळी हकिगत सांगितली. देशकर त्याला ओसरीत केणींपुढे घेऊन गेले. केणींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे पाहा," ते म्हणाले, "मिठाचा खडा जिवंत असतो का?"

"नाई जी."

"तसंच हे. खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. यांच्यातल्या काहींचे तर मिठासारखे स्फटिक करून बाटलीत ठेवता येतात. पेशीच्या आत शिरलं तर त्याची हजार होतात. पेशीच्या बाहेर आहे तोवर नुसता पदार्थ."

"म्हणजे मेलं," देवाजी म्हणाला. त्याच्या जिवात जीव आला.

"मेलं नाही. मरायला आधी जिवंत असावं लागतं."

"पण सर," देशकर म्हणाले, "उन्हात ठेवलं की ते रोग करेनासं होतं. त्याला मेलं म्हणायला काय हरकत आहे?"

"निकामी होतं म्हणा. मरतं म्हणू नका. तुमचा सगळा निबंध त्या एका शब्दावर उभा आहे, देशकर."

"आणि तुमचा तो शब्द नाकारण्यावर."

यापुढचं इंग्रजीत झालं. चहा निवला. देवाजी मध्येच म्हणाला, "साहेब, मले एकच शब्द पायजे होता."

"विज्ञान एका शब्दात बोलत नाही," केणी म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

देवाजी परत आला. ऐकलं तसंच सांगायचं असं त्याने वाटेत ठरवलं होतं, आणि सांगितलंही.

"जितं नाई?" बापूजींनी विचारलं.

"नाई."

"मंग मेलं."

"मेलं बी नाई. मोठे साहेब म्हनते, जे जितंच नव्हतं ते मरन कसं?"

मग वारलू नावाचा पंच म्हणाला, "मंग ते भूत हाय."

"भूत कसं? भूत आंधी मानूस असते, मेल्यावर भूत होते," बापूजी म्हणाले. "हे मरतच नाई, तं मंग निकाल कायम. कधीच कोनी बसाचं नाई."

देवाजी आलापल्लीला गेला तेव्हा डोंग्याच्या शिक्षेला शेवट होता. आता तोही राहिला नाही. गोकुळाने दुसऱ्या दिवशी सकाळी तरीही घागरी ओतल्या.

सभा संपून पाचही शास्त्रज्ञ जीपने घाटावर आले, तेव्हा घाटावर एकही नाव नव्हती. सगळ्या मार्कंड्याच्या जत्रेला गेल्या होत्या. पलीकडे बल्लारशाला जाणारी लॉरी उभी होती. बल्लारशाहून गाडी रात्रीची होती. आणि अलीकडे वाळूत एकच डोंगा, पालथा.

देशकर डोंग्याकडे गेले. वाकून त्यांनी बाहेरून, मग आतून पाहिलं.

"कधीपासून उन्हात हाय?"

"कार्तिकापासून जी."

"धुतला?"

"रोज," गोकुळा म्हणाली. "विचारू नका."

"चिरेचं काय?"

"राळ भरतो जी. पलीकडे जाईपर्यंत काई होत नाई."

देशकर सगळ्यांकडे वळले. "आपल्या सर्वांना टोचलेलं आहे. आणि टोचलेलं नसतं तरी मी बसलो असतो. यात जे होतं ते केव्हाच मेलं."

राळ भरून झाली. देवाजी आणि जीपवाल्याने डोंगा पाण्यात लोटला. देशकर बसले. त्यांच्यामागून तिघे बसले. केणींनी बूट हातात घेतले, एक पाय पाण्यात टाकला आणि ते थांबले.

"देशकर, तुमच्या मते ते मेलं?"

"हो सर."

"माझ्या मते ते मरत नाही."

"मग?"

"मग मला बसता येत नाही," केणी म्हणाले आणि पाय मागे घेतला.

झाडाखाली पंच बसले होते. त्यांनी हे सगळं पाहिलं. देवाजीने वल्हं मारलं, पण त्याचं लक्ष मागे होतं. सगळ्यांत मोठा साहेब बसला नाही, एवढंच आता गावात सांगितलं जाईल, हे त्याला कळत होतं. चौघांना पलीकडे उतरवून तो जेवढ्या जोराने येता येईल तेवढ्या जोराने परत आला.

तोवर बापूजी केणींजवळ येऊन उभे राहिले होते.

"रामराम साहेब. हे चौघं बसले, ते आता बिमार पडतीन काय?"

"नाही," केणी म्हणाले.

"काऊन?"

"इतक्या उन्हाने ते निकामी झालं असणार."

"मंग तुमी काऊन नाई बसले?"

केणींनी नदीकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "मी बसलो असतो, तर देशकरांचं म्हणणं मला मान्य झालं असं झालं असतं."

बापूजींनी मान हलवली. बाकी त्यांना काही समजलं असो वा नसो, हे पूर्ण समजलं. पंचायतीत हे नेहमी होतं.

ते झाडाखाली जाऊन बसले आणि देवाजी काठाला लागायच्या आत निकाल झाला. डोंग्यातलं ते मेलं. मोठ्या साहेबाचा आक्षेप शब्दाचा आहे, डोंग्याचा नाही. मात्र ते देवाजीच्या डोंग्यात मेलं, तेव्हा तेरवी देवाजीने घालावी आणि पंचांनी जेवावं. मरणाचा दिवस ठाऊक नाही, पण कार्तिकापासून धरलं तरी तेरवी कधीच उलटली होती. म्हणून ती आजच व्हावी. तेरवीला मासे चालतात का, यावर थोडं बोलणं झालं. मेलेलं कोणाचं नात्यातलं नसल्याने चालतात, असं ठरलं.

देवाजीने संध्याकाळी डोंग्यातून जाळं टाकलं.

केणींची गाडी चुकली होती, म्हणून त्यांनाही पंगतीत बसवलं. ते मुंबईचे, माशांवर वाढलेले, आणि विश्रामगृहाच्या खानसाम्याने सगळे दिवस कोंबडीच खाऊ घातली होती. त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

"कसलं जेवण आहे हे?" त्यांनी गोकुळाला विचारलं.

"तेरवी जी."

"कोण गेलं?"

"तुमचं तेच. डोंग्यातलं."

केणींनी ताटाकडे पाहिलं. मग रस्सा आणखी वाढायला सांगितला.

सकाळी नावा अजून मार्कंड्यालाच होत्या. केणी बूट हातात घेऊन आले आणि डोंग्यात बसले. मधल्या धारेला देवाजीने हळूच विचारलं, "साहेब, म्हणजे मेलं ना?"

"तुमच्याकडे मेलं," केणी म्हणाले. "आमच्याकडे अजून ठरायचं आहे."